कॅम्पस नाही, कटऑफ नाही, तरी जंगलाचं कॉलेज!

सोमवारची सकाळ, अकराची मीटिंग, एसीचा गारठा. अशा वेळी शेजारच्या क्युबिकलमधून हमखास आवाज येतो, ‘यार, सगळं सोडून जंगलात जायला पाहिजे!’ माझ्या ग्रुपमध्ये हा डायलॉग इतका कॉमन झालाय, की शेवटी मी सीरियसली चौकशीच केली. जंगल शिकायचं तर कुठे?

ऑप्शन्स आहेत. बारावी सायन्सनंतर दापोली किंवा अकोल्याला चार वर्षांची बीएस्सी फॉरेस्ट्री. ग्रॅज्युएट असाल तर भोपाळची, १९८२मध्ये सुरू झालेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेस्ट मॅनेजमेंट. तिथे कॅटचा स्कोअर चालतो. यूपीएससीची फॉरेस्ट सर्व्हिस हवी, तर चार तासांत मुलांनी २५ किलोमीटर चालायचं, मुलींनी १४. (पहिल्या मजल्यासाठी लिफ्टची वाट बघणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

पण मला सगळ्यात भारी वाटलं ते एक असं कॉलेज, जे कॉलेजच नाही. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना साधारण ३० किलोमीटरवर मेंढा-लेखा लागतं. गोंड आदिवासींचं, शंभरेक घरांचं गाव. इथे गेली कित्येक वर्षं ‘अभ्यास गट’ चालतो. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसतात, एक विषय घेतात आणि तो पुरता चघळतात. मधमाश्या न मारता मध कसा काढायचा, हाही इथला विषय. फी नाही, परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही. कम्युनिटी कॉलेज म्हणतात ते आणखी वेगळं काय असतं?

एक नियम मात्र पक्का. अभ्यास गटात निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. मतदान नाही. एकाला जरी पटलं नाही, तरी विषय थांबतो. मी मास कॉम करताना दोन वर्षं ‘कम्युनिकेशन’ शिकले, पण ही आयडिया कुठल्याही लेक्चरमध्ये ऐकली नव्हती. आपल्या ऑफिसात तर निर्णय आधी होतो, प्रेझेंटेशन नंतर!

या अभ्यासाचा कस लागला तो बांबूवर. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. पण बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात! १९२७च्या वन कायद्यात तेव्हा बांबू म्हणजे झाड होतं, नव्या कायद्यात तो गौण वनोपज. गावाने नवा कायदा नीट वाचला होता, त्यामुळे ते हटलं नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला.

मग सुरू झालं खरं मॅनेजमेंट. बांबूच्या बेटात कोवळे बांबू राखायचे, जून झालेलेच तोडायचे. पावसाळ्यात कोंब फुटतात, तेव्हा हात लावायचा नाही. पुढे मोजणी, टेंडर, मजुरीचा हिशेब, बँक, पॅन कार्ड. म्हणजे ‘सगळं सोडून’ इथे आलात तरी मीटिंग आणि हिशेब सुटत नाहीतच! फरक एवढाच, की निर्णय चुकला तर ज्याचं सरपण संपणार, तो माणूस त्याच मीटिंगमध्ये बसलेला असतो. आपल्या बोर्डरूममध्ये तो कधी दिसतो का?

गावाचे नेते देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत हे अभ्यासाचं काम उभं करणारे मोहन हिराबाई हिरालाल, ही जोडी या गोष्टीतली. मोहनभाऊ २०२५मध्ये गेले.

जायचा विचार असेल, तर वीकेंड पिकनिक म्हणून नको. आधी ग्रामसभेला कळवा आणि काय शिकायचंय ते सांगा. आणि हो, परतीचं रिझर्व्हेशन जरा उशिराचं करा. सर्वसहमतीच्या मीटिंगा लांबतात!