सर्वांत उंच शिखर कोणते?

जगातील सर्वांत उंच शिखर कोणते, या प्रश्नाचे उत्तर उंची कोठून मोजायची यावर ठरते. समुद्रसपाटीपासून मोजल्यास मान अर्थातच एव्हरेस्टचा. नेपाळ आणि चीन यांनी २०२० साली त्याची उंची ८८४८.८६ मीटर असल्याचे संयुक्तपणे जाहीर केले.

हवाई बेटावरील मौना केआ हा ज्वालामुखी समुद्राबाहेर जेमतेम ४२०० मीटर दिसतो. त्याचा पायथा मात्र पॅसिफिकच्या तळाशी आहे. तेथून माथ्यापर्यंतची उंची १०,००० मीटरहून अधिक भरते.

खरा चकवा इक्वेडोरमधील चिंबोरासोचा. समुद्रसपाटीपासून तो सुमारे ६२६० मीटरच उंच असून अँडीज पर्वतातही पहिला नाही. पण पृथ्वी पूर्ण गोल नाही. स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ती विषुववृत्तापाशी फुगली आहे आणि तेथील तिची त्रिज्या ध्रुवांकडील त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त आहे. चिंबोरासो विषुववृत्ताच्या अगदी जवळ, तर एव्हरेस्ट जवळपास २८ अंश उत्तरेला. त्यामुळे पृथ्वीच्या केंद्रापासून चिंबोरासोचा माथा एव्हरेस्टपेक्षा सुमारे दोन किलोमीटर दूर आहे. म्हणून प्रश्नमंजूषेत हा प्रश्न घालताना मोजमापाचा आधार सांगायलाच हवा.