आऊटरला थांबलेली गाडी आणि उलट्या धावणाऱ्या रिकाम्या जागा

सुट्टीत नागपूरहून रायपूरला निघालात, की शेवटचा टप्पा काही केल्या संपत नाही. दुर्ग गेलं, भिलाई पॉवर हाऊस गेलं, कुम्हारी गेलं, खारून नदीचा पूल धडधडला, सरोना मागे पडलं. बाबा सीटखालून बॅगा ओढतात, आई चपला शोधते, आणि नेमकी तेव्हाच गाडी थांबते. ना फलाट, ना स्टेशनची पाटी. समोरचे काका न बघताच सांगतात, “आऊटरला उभी आहे.” म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलपाशी.

कुणी साखळी ओढलेली नसते. लोको पायलटचंही काही चुकलेलं नसतं. पुढची जागा रिकामी नाही, एवढंच कारण. पण या एवढ्याशा कारणात किती मोठं गणित दडलंय बघा!

हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईला जाणाऱ्या मोठ्या रेल्वेमार्गावर रायपूर आहे. कोळशाच्या मालगाड्या, भिलाईचं पोलाद, एक्सप्रेस, लोकल, सगळ्यांची इथे गर्दी. रेल्वेने काय केलंय, रुळांचे तुकडे पाडलेत. त्यांना म्हणतात ब्लॉक. नियम असा, की एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. जड मालगाडीला ब्रेक लावल्यावर थांबायलाच पुष्कळदा किलोमीटरभर अंतर लागतं. तिच्याकडे स्टिअरिंगही नसतं, म्हणजे बाजूला वळवायची सोयच नाही. तेव्हा पुढची गाडी डोळ्यांना दिसल्यावर ब्रेक लावू, असं म्हणून चालत नाही.

पण ब्लॉक रिकामा आहे हे सिग्नलला कळतं कसं? ही युक्ती मला फार आवडते. ब्लॉकच्या एका टोकाला दोन्ही रुळांना बॅटरी जोडतात आणि दुसऱ्या टोकाला एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच. रुळांतून अगदी सौम्य वीज रिलेपर्यंत पोचत असते. पोचते आहे, म्हणजे ब्लॉक रिकामा. गाडी आत शिरली, की तिची चाकं आणि त्यांना जोडणारा आस दोन रुळांमध्ये पूल बांधतात. वीज त्या सोप्या वाटेनं परतते, रिले उपाशी राहतो आणि सिग्नल लाल होतो. समजा वायर तुटली किंवा बॅटरी संपली, तर? तरीही रिले उपाशीच, म्हणून सिग्नल लालच! बिघाड झाला तर गाडी थांबावी, धावू नये, असा विचार त्यात आधीच केलेला आहे. अमेरिकेच्या विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ साली या युक्तीचं पेटंट घेतलं. आता पुष्कळ ठिकाणी अ‍ॅक्सल काउंटर असतात. ब्लॉकमध्ये किती आस शिरले आणि किती बाहेर पडले, ते मोजतात. आकडे जुळले, की ब्लॉक रिकामा.

आता रूळ कागदावर आणू. एक मोठं वर्तुळ काढा, त्याला १२ घरं पाडा आणि मूठभर चिंचोके घ्या. घर म्हणजे ब्लॉक, चिंचोका म्हणजे गाडी, म्हणून एका घरात एकच चिंचोका. नियम एकच: पुढचं घर रिकामं असेल तर एक घर पुढे, नसेल तर जागेवर थांबा. सगळ्यांनी एकाच वेळी हलायचं. म्हणजे आधी डोळ्यांनी ठरवा कोण कोण हलणार, मग सगळे मिळून हलवा. दरवेळी किती चिंचोके हलले ते लिहीत जा.

३ चिंचोके ठेवा. कसेही ठेवलेत तरी थोड्याच वेळात तिघेही बिनधास्त धावू लागतात, दर खेपेला ३ हालचाली. ६ ठेवा. आधी थोडी अडवाअडवी होते, मग एक भरलेलं, एक रिकामं, असं आपोआप जुळतं आणि दर खेपेला सहाच्या सहा हलतात! आता लोभ सुटतो. ९ ठेवले तर ९ हलतील? करून बघा. भरलेलं घर १ आणि रिकामं घर ० असं लिहू. चिंचोके उजवीकडे चाललेत, आणि शेवटच्या घरानंतर पुन्हा पहिलं घर येतं.

१११०११११०११०
११०११११०११०१
१०११११०११०११

दर खेपेला फक्त ३ हलले. गाड्या तिप्पट, तरी काम ३ चिंचोक्यांएवढंच! का बरं? आता एकांकडे बघू नका, शून्यांकडे बघा. शून्यं दर खेपेला एकेक घर डावीकडे सरकतायत. गाडी पुढे गेली म्हणजे रिकामी जागा मागे आली. ९ गाड्यांच्या गर्दीत ३ रिकाम्या जागाच उलट्या दिशेनं मोकळ्या धावतायत आणि प्रत्येक रिकामी जागा दर खेपेला एकाच गाडीला पाऊल टाकू देते. गाड्या कमी असतील तर गाड्या मोजा, रिकाम्या जागा कमी असतील तर रिकाम्या जागा मोजा. उत्तर तयार! आऊटरला उभं असताना आपण खरं तर अशाच एका रिकाम्या जागेची वाट बघत असतो. फलाटावरची गाडी हलली, की ती जागा मागे मागे सरकत आपल्यापर्यंत येते.

खऱ्या गाड्यांचा नियम मात्र याहून कडक. लाल म्हणजे थांबा. पिवळा म्हणजे पुढचा सिग्नल लाल असू शकतो, थांबायच्या तयारीनं चला. दोन पिवळे म्हणजे पुढचा पिवळा असू शकतो, वेग आवरायला लागा. हिरवा म्हणजे निघा. पूर्ण वेगात धावायला पुढचा एक ब्लॉक रिकामा असून भागत नाही, बरेच लागतात. म्हणून खेळ बदला: पुढची दोन घरं रिकामी असतील तरच एक घर सरकायचं. आता ४ चिंचोके मजेत धावतात, दर खेपेला ४ हालचाली. ५ ठेवले तर हालचाली २ वर येतात. आणि ६ ठेवले, तर थोड्या वेळानं सगळा खेळच ठप्प! आधीच्या नियमात जो आकडा सर्वांत उत्तम होता, तोच इथे सगळ्यांना अडकवून बसला. खऱ्या गाड्या असं अडकून बसत नाहीत, कारण मध्ये पिवळा आहे. पिवळ्यावर त्या हळू का होईना, पुढे सरकतात.

या खेळाचं गणित शोधणारे लोक रेल्वेचा विचार करत नव्हते, हे ऐकून तर मी उडालेच. मॅकडोनाल्ड, गिब्ज आणि पिपकिन या शास्त्रज्ञांनी १९६८ साली ते मांडलं रायबोसोमसाठी. आपल्या पेशींत आरएनएचा लांब धागा असतो. त्यावरून रायबोसोम नावाची सूक्ष्म यंत्रं एकेक पायरी सरकत प्रथिनं बनवतात. एकाच धाग्यावर अनेक रायबोसोम, एकामागोमाग एक, आणि पुढच्याला ओलांडायची सोय नाही! या शास्त्रज्ञांच्या खेळात जणू दरवेळी फासा टाकायचा आणि दान पडलं, पुढची जागाही रिकामी असली, तरच सरकायचं. १९७० साली फ्रँक स्पिट्झर या गणितज्ञाने अशा खेळांचा पाया पक्का केला. आपल्याकडे भौतिकशास्त्रज्ञ दीपक धर यांनी १९८७ साली याच जातीच्या एका खेळाचं अचूक उत्तर काढलं. भौतिकशास्त्रातलं बोल्ट्झमन पदक २०२२ साली मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले.

मग मुंग्यांची रांग? तिलाही हाच नियम लागू असणार, असं वाटतं ना? आयआयटी कानपूरचे देबाशिष चौधुरी आणि त्यांच्या जर्मन व जपानी सहकाऱ्यांनी एकाच दिशेनं जाणाऱ्या मुंग्यांच्या रांगा बारकाईनं पाहिल्या, आणि २००९ साली त्याबद्दल लिहिलं. मुंग्या एकमेकींना ओलांडत नव्हत्या, म्हणजे नियम आपलाच. पण रांगेत गर्दी वाढली तरी त्यांचा वेग जवळजवळ तेवढाच राहिला. कोंडी झालीच नाही!

तुमच्या अंगणात रांग दिसली तर एका मुंगीवर नजर ठेवा. एका फरशीच्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला तिला किती सेकंद लागतात ते लिहा. रांग विरळ असताना एकदा आणि दाट असताना एकदा. तुमच्याकडच्या मुंग्या चिंचोक्यांसारख्या अडतात का, ते कळेल.