बॅटरीवरील इम्पॅक्ट पाना : तो कसा निवडावा व कोठवर वापरावा

दिवाळी आटोपून ऊसतोडीच्या टोळ्या शिवारात उतरल्या, म्हणजे मांजरा व गोदावरी ह्या दोन नद्यांच्या खोऱ्यांतील रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरून जातात. लातुराहून चाकूर, अहमदपूर, लोहा ह्या मार्गाने नांदेडास जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग असो, की शिवारातून निघालेली साधी पाणंद असो. रात्री-अपरात्री भरल्या ट्रॉलीचे चाक खोलून बसलेली माणसे तेथे हमखास दृष्टीस पडतात. अर्धापुराकडील केळी व हळद आणि लातूर-उदगिराकडील सोयाबीन ह्यांची वाहतूकही आता बहुतेक ट्रॅक्टरानेच होते. ह्या सर्व वाहनांचे प्रत्येक चाक पाच, सहा किंवा आठ नटांवर उभे असते. त्या नटांवर मालाची, मालकाची आणि समोरून येणाऱ्या परक्या वाटसराचीही सुरक्षितता अवलंबून असते, हे ध्यानात घेऊनच पुढील मजकूर वाचावा अशी वाचकांस विनंती आहे.

नट सोडविण्याची आपली जुनी रीत सर्वांच्या परिचयाची आहे. पान्याच्या दांड्यात चार फुटी पाइप घालावयाचा आणि त्यावर गड्याने उभे राहावयाचे. आपल्या काळ्या जमिनीचा चिखल पावसाळाभर हबावर बसतो, तो वाळतो, त्याखाली आटे गंजतात, आणि नट असा काही जाम होतो की पाना घसरून नटाचे कोपरे जातात. कधी पाइप निसटतो आणि माणसाच्या गुडघ्यास वा तोंडास इजा होते. ह्या अडचणीवर बॅटरीवर चालणारा एक पाना आता तालुक्याच्या बाजारातही मिळू लागला आहे. दुकानदार त्यास इम्पॅक्ट रेंच म्हणतात. गावात त्यास 'नट खोलायची मशीन' असेच नाव पडले आहे.

ह्या यंत्राची युक्ती साधी आहे. जमिनीत घट्ट बसलेली मेख आपण नुसती ओढीत बसत नाही. तिला बाजूने ठोके देऊन प्रथम ढिली करतो. ह्या पान्यात मोटर एका जड हातोड्यास फिरविते, तो हातोडा स्प्रिंगच्या योगाने मागे सरून पुढच्या ऐरणीवर आडवा आदळतो, आणि असे ठोके मिनिटास दोन-तीन हजारांपर्यंत पडतात. त्यामुळे गंजाची पकड सुटते आणि धरणाऱ्याच्या मनगटास झटका फारसा बसत नाही. टायरवाल्याकडील हवेची बंदूकही ह्याच तत्त्वावर चालते; परंतु तिला कॉम्प्रेसर लागतो, आणि तो शेताच्या बांधावर नेता येत नाही. बिनतारेची हत्यारे अगदी नवी आहेत असेही नाही. ब्लॅक अँड डेकर ह्या अमेरिकन कंपनीने १९६१ मध्ये बॅटरीवरील ड्रिल बाजारात आणले होते. तथापि तेव्हाच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या जड असून त्यांत साठा थोडा मावे. १९९१ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी विक्रीस काढली, आणि पुढे हीच बॅटरी हत्यारांत आल्यावर चाकाचा नट सोडविण्याइतका जोर हातात मावू लागला. ह्या बॅटरीच्या शोधाबद्दल तिघा शास्त्रज्ञांस २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पिळाचे माप

यंत्र निवडण्यापूर्वी पिळाचे माप समजून घेणे अवश्य आहे. हे माप न्यूटन-मीटर ह्या एककात देतात. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकास एक किलो वजन टांगले असता नटावर सुमारे ९.८ न्यूटन-मीटर पीळ पडतो. ह्या हिशेबाने साठ किलो वजनाचा गडी दोन फुटी दांड्यावर उभा राहिला तर सुमारे ३५० न्यूटन-मीटर पीळ पडेल. चार फुटी पाइपावर उभा राहिला तर तोच ७०० होईल.

आता नटास पीळ किती हवा, ते पाहू. सामान्य मोटारगाडीच्या चाकाचा नट बहुधा ८० ते १२० न्यूटन-मीटरपर्यंत आवळतात. नेहमीच्या ८.८ प्रतीच्या पोलादाचा १६ मिलिमीटर जाडीचा स्टड असेल तर सुमारे २१० आणि १८ मिलिमीटरचा असेल तर सुमारे २९० हे साधारण माप होय. मोठ्या ट्रकाच्या २२ मिलिमीटर स्टडास मात्र ५५० ते ७०० लागतात. हे आकडे अंदाजापुरते समजावेत. आपल्या ट्रॅक्टराबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत जो आकडा छापला असेल तोच प्रमाण मानावा, व पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे निरनिराळे असतात हे विसरू नये.

खोक्यावरील आकडा

पानाच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत जो आकडा छापलेला असतो, तो पुष्कळदा सोडविण्याचा असतो, आवळण्याचा नव्हे. आम्ही महसूल खात्यात आयुष्य काढले, म्हणून त्याच भाषेत सांगतो. सातबाऱ्यावर एकूण क्षेत्र लिहिलेले असते, पण खरेदी करणारा शहाणा माणूस त्यातून पोटखराबा वजा करून लागवडीखालील क्षेत्र किती, ते आधी विचारतो. तसेच येथेही विचारावे. उदाहरणार्थ, मकिता कंपनीच्या डीटीडब्ल्यू ३०० ह्या पान्याचा सोडविण्याचा आकडा ५८० असून आवळण्याचा ३३० आहे. डीवॉल्ट कंपनीच्या डीसीएफ ८९९ चे हेच आकडे अनुक्रमे सुमारे १६२५ व ९५० आहेत. ह्या दोन कंपन्यांनी दोन्ही आकडे उघड दिले आहेत, हे योग्यच होय. जेथे एकच आकडा दिलेला असेल आणि तो कशाचा हे दुकानदारास सांगता येत नसेल, तेथे तो सोडविण्याचाच आहे असे धरून चालावे.

गंजलेला नट सोडविण्यास तो आवळताना लागलेल्या पिळापेक्षा पुष्कळ अधिक पीळ लागतो. म्हणून यंत्राचा आवळण्याचा आकडा आपल्या नटाच्या मापाच्या निदान दुप्पट असावा, असे आमचे मत आहे. केवळ जीप वा मोटारगाडीसाठी ३०० च्या सुमाराचा हलका पाना पुरेसा होतो. ट्रॅक्टर व उसाची ट्रॉली ह्यांसाठी ६०० ते १००० पर्यंतचा, अर्धा इंच चौकोनी तोंडाचा पाना घ्यावा. बॅटरीसह तो सुमारे तीन किलो भरतो. ट्रकाच्या मोठ्या नटांचे काम नित्याचे असेल तर पाऊण किंवा एक इंच तोंडाचे यंत्र लागते. तसले काम वर्षातून एकदाच पडत असेल तर ते टायरवाल्याकडून करून घेणेच स्वस्त पडेल. मोटर बिनब्रशची असल्यास उत्तम. ती कमी तापते आणि तिचे ब्रश झिजण्याचा प्रश्नच राहत नाही.

बॅटरीविषयी

बॅटरीच्या व्होल्टांविषयी बाजारात मोठा घोळ आहे. १८ व्होल्टची व २० व्होल्टची बॅटरी ही बहुधा एकच वस्तू असते. आत पाच घटांची माळ असते. प्रत्येक घट सरासरी ३.६ व्होल्टचा धरला तर १८ होतात, आणि नुकत्याच भरलेल्या अवस्थेतील चारचा आकडा धरला तर २० होतात. पूर्ण भरल्यावर घट ४.२ पर्यंत जातो, म्हणून काहीजण २१ लिहितात. परंतु कित्येक स्वस्त यंत्रांवर ४८, ८८ किंवा १२८ असे आकडे रंगविलेले आढळतात. असे दिसल्यास चार्जर उलटा करून त्यावरील बारीक अक्षरे वाचावीत. तो २१ व्होल्ट देत असेल, तर आत पाच घटांचीच माळ आहे, वरचा आकडा काहीही सांगो.

साठ्याचे माप अँपियर-तासांत असते. ट्रॅक्टराच्या कामास चार किंवा पाच अँपियर-तासांची बॅटरी घ्यावी. लहान बॅटरी जोरही कमी देते. १८ व्होल्टची पाच अँपियर-तासांची बॅटरी भरण्यास विजेचे सुमारे एक दशांश युनिट लागते, व घरच्या साध्या विजेवर ती भरते. शेतीच्या थ्री-फेज विजेच्या पाळीची वाट पाहावी लागत नाही. उन्हाशी मात्र तिचे वैर आहे. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा चाळीस अंशांवर जातो, मग ट्रॅक्टराच्या पत्र्याच्या पेटीत काय होत असेल ह्याची कल्पना करावी. बॅटरी त्या पेटीत ठेवू नये, तापलेली बॅटरी लगेच चार्जरास लावू नये, आणि हंगाम संपल्यावर ती अर्धवट भरलेल्या स्थितीत घरातील थंड व कोरड्या जागी ठेवावी. त्याच कंपनीचे ड्रिल वा फांद्या छाटण्याची करवत त्याच बॅटरीवर चालत असेल तर खर्च वाटला जातो. कित्येक ठिकाणी सांगितलेली किंमत नुसत्या यंत्राची असते आणि बॅटरी व चार्जर निराळे विकत घ्यावे लागतात, हेही आधी विचारून घ्यावे.

सॉकेट काळ्या रंगाचे, सहा कोनी व खास इम्पॅक्टसाठी बनविलेले असावे. हातपान्याचे चकचकीत सॉकेट कठीण पण ठिसूळ असते. ठोक्यांनी ते फुटून त्याची किरच डोळ्यात जाण्याचा संभव असतो. चष्मा लावल्यावाचून हे यंत्र चालवू नये.

सोडविण्यास यंत्र, आवळण्यास माप

खरा धोका सोडविण्यात नसून आवळण्यात आहे. घोडा दाबून धरला की यंत्र ठोके देतच राहते, आणि दोनशेचा नट पाचशेवर केव्हा गेला हे हातास समजत नाही. स्टड हा आवळल्यावर किंचित ताणला जातो आणि त्या ताणाच्या बळावर चाक हबाशी घट्ट धरून ठेवतो. प्रमाणाबाहेर ताणला तर तो कायमचा लांबतो. वरून घट्ट दिसला तरी त्याची पकड गेलेली असते, आणि पुढे भरल्या ओझ्याखाली तो तुटतो. एक तुटला की त्याचा भार शेजाऱ्यावर पडतो. उलट नट ढिला राहिला तर चाक डुलू लागते, भोके लांबट होतात, आणि अखेरीस परिणाम तोच. रस्त्यावर सुटलेले ट्रॉलीचे चाक कोणाच्या अंगावर जाईल ह्याचा नेम नसतो.

म्हणून पुढील क्रम पाळावा. चाकांना दगड लावून, वाहन जमिनीवर उभे असतानाच प्रत्येक नट प्रथम थोडा ढिला करावा, मग जॅक लावावा. भर दिलेली ट्रॉली शक्य तर रिकामी करूनच उचलावी. मागच्या टायरात पाणी भरलेले असल्यास त्याचे वजन एका माणसास पेलत नाही. जाम नटावर गंज सोडविणारे तेल टाकून काही वेळ थांबावे. कित्येक जुन्या ट्रकांच्या डाव्या चाकांस उलटे आटे असतात. ट्रॉलीस तसले हब बसविलेले असेल तर आधी आट्यांची दिशा पाहावी. चाक परत बसविताना आटे तारेच्या ब्रशाने साफ करून पुसावेत. कंपनीने सांगितले नसेल तर त्यांस तेल लावू नये, कारण तेलकट आट्यांवर तितक्याच पिळात स्टड अधिक ताणला जातो. पहिले दोन-तीन फेरे नट हातानेच चढवावेत. यंत्राने केवळ नट बैठकीस टेकेपर्यंत हलक्या गतीवर फिरवावा, आणि तोही ओळीने नव्हे तर समोरासमोरच्या क्रमाने. शेवटचा पीळ वाहन जमिनीवर टेकवून टॉर्क पान्याने द्यावा. हा पाना ठरविलेल्या मापावर 'कट' असा आवाज देतो. तो नट सोडविण्यास वापरू नये, आणि काम झाल्यावर त्याचे माप सर्वांत खाली आणून ठेवावे. तो नसेल तेव्हा निदान इतका हिशेब ठेवावा की, दोन फुटी दांड्याच्या टोकावर ३५ किलोचा दाब म्हणजे सुमारे २०० न्यूटन-मीटर होतात. पहिल्या खेपेनंतर सर्व नट पुन्हा तपासावेत.

अखेरीस खरेदीविषयी. ज्याच्या घरी एकच ट्रॅक्टर असून वर्षातून दोनदा चाक उतरते, त्याने लांब दांड्याचा मजबूत पाना व टॉर्क पाना एवढेच घेतले तरी पुरे; यंत्राची त्यास गरज नाही. उसाच्या हंगामात रोज खेपा करणाऱ्यास यंत्र खचित उपयोगी आहे. वाटण्या होऊन जमिनी लहान झाल्या आहेत, तेव्हा चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून एक संच घ्यावा हे सर्वांत बरे. मात्र तो कोणी केव्हा नेला व केव्हा परत केला ह्याची नोंद एका वहीत करावी, आणि त्याच वहीत प्रत्येकाच्या वाहनाच्या नटाचे माप, सॉकेटाचा आकार व पिळाचा आकडा लिहून ठेवावा. खरेदीपूर्वी दुरुस्तीची सोय लातुरास वा नांदेडास आहे काय, ते विचारावे, आणि पक्के बिल व हमीपत्र घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत. पैसे थोडे असतील तर यंत्र पुढच्या वर्षी घ्यावे. टॉर्क पाना मात्र ह्याच हंगामात घ्यावा.