चांदमारीच्या मैदानावरील स्नेहस्पर्धा

इंग्लंडच्या सरे परगण्यात बिस्ले नावाचे एक लहानसे गाव आहे. दर वर्षी जुलै महिन्यात तेथे लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीचा मोठा मेळा भरतो. त्या मेळ्यात राष्ट्रकुलातील देशांचे आठ-आठ जणांचे संघ ज्या चषकासाठी झुंजतात, त्याचे नाव ‘कोलापोर कप’ असे आहे. हे कोलापोर म्हणजे पंचगंगेकाठचे कोल्हापूर. कोल्हापूरच्या राजांनी दिलेल्या या चषकाचा सामना १८७१ पासूनचा आहे. त्याच्या आदल्याच वर्षी छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडच्या प्रवासास गेले होते व परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्स येथे त्यांचे अकाली निधन झाले होते.

या मेळ्याचा उगम मात्र खेळात नसून भीतीत आहे. फ्रान्सकडून आक्रमण होईल, या धास्तीने १८५९ मध्ये इंग्लंडात नागरिकांची स्वयंसेवक दले उभी राहिली आणि त्यांच्या सरावासाठी नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली. १८६० साली विंबल्डनच्या माळावर पहिली स्पर्धा भरली, तेव्हा पहिली गोळी स्वतः व्हिक्टोरिया राणीने झाडली. लोकवस्ती वाढू लागताच मैदान अपुरे व धोक्याचे ठरले आणि १८९० मध्ये मेळा बिस्लेला हलला. आक्रमण कधी झालेच नाही. शिस्तबद्ध खेळाची परंपरा तेवढी उरली. १९३० साली मार्जोरी फॉस्टर या महिलेने शेकडो पुरुषांना मागे टाकून तेथील ‘किंग्ज प्राइझ’ जिंकले.

बिस्लेचे मैदान संघटनेचे स्वतःचे आहे. परंतु ब्रिटनमधील अनेक लहान नेमबाजी मंडळांना असे मैदान परवडत नाही. ती लष्कराचे मैदान एखाद्या दिवसापुरते भाड्याने घेतात व शेजारच्या मंडळास स्नेहस्पर्धेचे आमंत्रण देतात. अशा एका दिवसामागे केवढी तयारी असते, हे पाहण्यासारखे आहे. लष्कर मैदान देते ते व्यक्तीस नव्हे, तर मान्यताप्राप्त मंडळास. गोळीबाराचे नियंत्रण करणारा अधिकारी रीतसर प्रशिक्षित असावा लागतो आणि प्रत्येक नेमबाज शस्त्र सुरक्षितपणे हाताळू शकतो, असे प्रमाणपत्र मंडळाने द्यावे लागते. लाल निशाणे चढल्याखेरीज एकही काडतूस नळीत जात नाही. लक्ष्याखालच्या खंदकात बसलेली माणसे प्रत्येक गोळीनंतर फळा खाली ओढतात, छिद्रावर खूण लावतात व फळा पुन्हा वर चढवितात. खंदकातली पाळी सर्वांच्या वाट्याला येते. तेथे डॉक्टर आणि सुतार असा भेद राहत नाही.

एक हजार यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१४ मीटरांवर, मध्यम वाराही गोळीला दोन मीटरांहून अधिक बाजूला ढकलू शकतो. म्हणून तेथे नजरेइतकेच महत्त्व वारा ओळखण्याला असते. त्याहून मोलाची आहे ती गुण मोजण्याची रीत. एकाच लक्ष्यावर दोघे-तिघे आळीपाळीने नेम धरतात आणि प्रत्येक जण आपल्या प्रतिस्पर्ध्याचे गुण लिहितो. प्रतिस्पर्ध्याच्या हाती आपला हिशेब विश्वासाने सोपविणारे खेळ जगात फारसे नसतील.

भारतातील प्रश्न

भारतातही या खेळाची संघटना जुनी आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे विश्वविजेत्या ठरल्या आणि कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. ही दोन्ही यशे ५० मीटरांवरची आहेत. तीनशे मीटर व त्यापलीकडच्या नेमबाजीला लागणारी जागा बहुतांशी लष्कराकडेच आहे.

येथे अर्थशास्त्राचा एक साधा सिद्धान्त उपयोगी पडतो. मैदानाचा मुख्य खर्च जमिनीचा व बांधबंदिस्तीचा असून तो होऊन गेलेला असतो. एका दिवसाच्या स्पर्धेने त्यात भर पडते ती लक्ष्याचे कागद, माणसांची मजुरी व देखरेख एवढीच. तेवढा खर्च खेळाडूंनी पूर्णपणे सोसावा. मैदान फुकट दिल्यास महागडी रायफल बाळगणाऱ्यांच्या छंदाचा भार करदात्यांवर पडेल आणि नफ्याची दृष्टी ठेवल्यास होतकरू विद्यार्थी दाराबाहेर राहील.

तथापि एक खर्च कोणत्याही पावतीवर दिसत नाही. रायफलची गोळी चुकली तर चार-चार किलोमीटर जाऊ शकते. म्हणून गोळीबाराच्या दिवशी मैदानामागची जमीन बंद ठेवावी लागते. त्या दिवशी गुराख्याचे कुरण जाते, सरपण आणणारीची वाट अडते. नागरी स्पर्धेसाठी बंदीचे दिवस वाढविणे म्हणजे काहींच्या खेळाची किंमत इतरांकडून वसूल करणे होय. यास्तव लष्कराच्या सरावासाठी आधीच जाहीर झालेल्या दिवसांतील रिकामे तास अशा स्पर्धांना द्यावेत, हाच न्याय्य मार्ग दिसतो. त्यात छात्रसेनेच्या विद्यार्थ्यांना राखीव स्थान असावे.

नागरिकांच्या हाती शस्त्र म्हणजे अनर्थास आमंत्रण, असा आक्षेप घेतला जाईल, आणि तो पोकळ नाही. १९९६ मध्ये डनब्लेनच्या शाळेत मुलांचे हत्याकांड झाल्यावर ब्रिटनने पुढच्याच वर्षी नागरिकांच्या पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. तरीही देखरेखीखालची रायफल स्पर्धा त्या देशाने मोडीत काढली नाही. लपविलेले शस्त्र आणि लाल निशाणाखाली, नोंदवहीत लिहून, अधिकाऱ्याच्या आज्ञेने उचललेले शस्त्र यांतील फरक तेथे ओळखला गेला. भारतातील शस्त्र कायदा कडक आहे व तो तसाच राहावा. स्पर्धेसाठी तो सैल करण्याचे कारण नाही.

कोल्हापूरच्या नावाचा चषक दीडशे वर्षांहून अधिक काळ परदेशी मैदानावर खेळला जात आहे. त्याच कोल्हापूरच्या एखाद्या मुलाला तेवढ्या पल्ल्यावरून एकदा तरी नेम धरता यावा, यासाठी नवी जमीन नको की मोठे अनुदान नको. हवी आहे ती नियमांची एक स्पष्ट चौकट आणि प्रतिस्पर्ध्याचे गुण प्रामाणिकपणे लिहिण्याची तयारी.