आत्याआजीची छायाचित्रे

घराण्याच्या इतिहासाची साधने आपल्याकडे कमी नाहीत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे, पुष्कळदा यात्रेकरूंच्या स्वतःच्या अक्षरांत, सापडतात. विसाव्या शतकात तर अनेक मराठी कुळांनी आपापले कुलवृत्तांत छापून प्रसिद्ध केले. मूळ पुरुष कोठून निघाला, त्याचे वंशज इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्यास कसे पोचले, कोणास कोणत्या साली पदवी मिळाली, कोण कोणत्या खात्यात नोकरीस लागला, हे सारे त्यांत निगुतीने दिलेले असते. वीस वर्षे सरकारी फायली हाताळल्यामुळे अशा नोंदींविषयी मला आदर आहे. परंतु त्यांत स्त्रियांच्या वाट्याला किती जागा येते हे पाहिले, म्हणजे मन खट्टू होते. माहेरच्या वृत्तांतात मुलीचे नाव आणि जावयाचे आडनाव. सासरच्या वृत्तांतात तिचे बदललेले नाव आणि माहेरचे आडनाव. एकाच बाईच्या दोन नावांनी दोन नोंदी, आणि दोन्ही मिळून धड एक ओळ भरत नाही.

माझ्या आजोबांची धाकटी बहीण, जिला आम्ही सारी मुले आत्याआजी म्हणत असू, ती अशीच दोन नोंदींत विभागलेली आहे. तिचा जन्म १९२२ सालचा, बडोद्याचा. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली तालुक्यात सुरू केला आणि १९०६ साली तो सगळ्या राज्यास लागू केला. मुलींनाही सक्ती होती. आत्याआजी लिहावाचावयास शिकली ती त्या कायद्यामुळे, असे ती स्वतःच सांगे. वडिलांना मुलीच्या शाळेचे फारसे अगत्य नव्हते. ती २०११ साली वारली. मागे राहिला तो तिचा पत्र्याचा डबा आणि त्यातले चाळीसएक फोटो.

जुन्या फोटोकडे आपण हौसेने पाहतो. तो वाचावा लागतो, हे सहसा ध्यानात येत नाही. आत्याआजीचा पहिला फोटो १९३८ सालचा, लग्नानंतर स्टुडिओत काढलेला. मागे रंगविलेला जिना, बाजूस खांब, शेजारच्या टेबलावर जाडजूड इंग्रजी पुस्तक. यातले काहीच तिचे नव्हे. जिना, खांब, पुस्तक हा फोटोवाल्याचा सरंजाम. त्या गावातल्या कित्येक घरांच्या फोटोंत तेच पुस्तक सापडेल. तिचे म्हणावे ते लुगडे, नथ आणि हातांतल्या चार पाटल्या.

चेहरा मात्र ताठ. जुने लोक फोटोत हसत नाहीत याचे कारण प्रकाशपटलासमोर फार वेळ स्थिर बसावे लागे, असे नेहमी सांगण्यात येते. १८३९ साली जाहीर झालेल्या डगेरोटाइपच्या पहिल्या काळापुरते ते खरे. मुंबईत १८५४ साली छायाचित्रणाची संस्था निघाली, भाऊ दाजी आणि नारायण दाजी हे बंधू तीत होते. त्या वेळीही बसणाऱ्यास काही सेकंद निश्चल राहावे लागे. पण १९३८ साली फोटो क्षणार्धात निघत असे. तेव्हा हा ताठपणा यंत्राचा नव्हे, रीतीचा आहे. सोळा वर्षांच्या सुनेने परक्या पुरुषापुढे हसावयाचे नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा फोटो १९४४ सालचा. हातांत पाटल्या नाहीत, नुसत्या काचेच्या बांगड्या. मी २००९ च्या उन्हाळ्यात रजेवर गेलो असता तिच्याशेजारी बसून एकेक फोटो विचारीत होतो. हा फोटो हाती येताच मी म्हणालो, “आत्याआजी, पाटल्या कुठं गेल्या गं?” ती सहज म्हणाली, “भाऊजींच्या फीला मोडल्या.” सासरचा कुलवृत्तांत उघडून पाहिला. दिरांची पदवी, १९४२ साल, महाविद्यालय, पुढची नोकरी: साडेतीन ओळी. पाटल्यांचा उल्लेख असण्याचे कारणच नव्हते.

माझ्या अनुभवाने सांगतो, वृद्ध माणसांस ‘हे कोण?’ एवढेच विचारू नये. लुगडे कोणाचे, घर कोणाच्या मालकीचे, त्या दिवशी कोण घरी नव्हते, फोटो काढला कोणी, असे विचारावे. काढणारा फोटोत कधीच नसतो. १९६७ सालच्या बारा फोटोंत आत्याआजीचे यजमान एकदाही दिसत नाहीत; कारण बडोद्यातच तयार होणारा आगफा क्लिक थ्री कॅमेरा त्यांच्या हाती होता, आणि एका रिळात बाराच फोटो निघत.

सांगितलेले लगेच फोटोच्या पाठीवर, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. शाई पुढे उमटते. डिंक व चिकटपट्टी टाळावी. १९३८ चा कृष्णधवल फोटो आजही स्वच्छ आहे, आणि १९८२ चा रंगीत फोटो मात्र तांबूस पडून चेहरे पुसट झाले आहेत. कृष्णधवल फोटोत चांदी असते, रंगीतात सेंद्रिय रंग. ते लवकर विटतात. म्हणून रंगीत फोटोंची प्रत आधी करून घ्यावी.

त्या १९४४ च्या फोटोत आत्याआजीच्या मांडीवर तीनएक वर्षांची मुलगी आहे. ती शेजाऱ्यांची असावी, असे घरात सर्वांनी धरले होते. पाटल्यांची गोष्ट सांगून झाल्यावर आत्याआजीने त्या मुलीचे नाव सांगितले. तिची पहिली मुलगी. १९४६ साली विषमज्वराने गेली. त्या दुखण्यावर गुण देणारे औषध, क्लोरॅम्फेनिकॉल, १९४८ मध्ये सिद्ध झाले. “दोन वर्षांनी चुकलं,” एवढेच ती म्हणाली आणि पुढचा फोटो मागू लागली.

तिचे चिरंजीव १९४९ चे. आपल्याला थोरली बहीण होती हे त्यांना साठाव्या वर्षी, त्याच दुपारी, समजले. कुलवृत्तांताच्या पुरवणीसाठी मी पुढे नोंद लिहून पाठविली: नाव, जन्म १९४१, मृत्यू १९४६. पुरावा काय, असे संपादकांनी विचारले, तेव्हा त्यांना फोटोची प्रत पाठविली, पुढची बाजू आणि पेन्सिलीने लिहिलेली मागचीही.