साथ आली तरी औषध चुकवू नका

सन २०२० चा मार्च महिना तुम्हाला आठवत असेल. कोरोनाची साथ आली. २५ मार्चपासून साऱ्या देशात टाळेबंदी झाली. एस. टी. थांबली. आठवड्याचा बाजार बंद पडला. साथ पसरू नये म्हणून सगळ्यांनी घरात बसायचे होते. पण काही आजार साथीसाठी थांबत नाहीत. रक्ताचा कर्करोग हा त्यांपैकीच एक.

आमचा एक जुना विद्यार्थी आहे. शेती करतो. त्याला रक्ताच्या कर्करोगाचा हळू वाढणारा एक प्रकार झाला होता. त्यावर इमॅटिनिब नावाची गोळी असते. ती रोज घ्यावी लागते. गोळी सुरू झाल्यापासून त्याची तब्येत चांगली होती. टाळेबंदी झाली तेव्हा त्याच्याजवळ नऊ दिवसांच्या गोळ्या उरल्या होत्या. घरची माणसे म्हणाली, "शहरात कोरोना आहे. साथ जाऊ दे, मग आणू गोळ्या."

तो आमच्या अंगणात आला. तोंडाला रुमाल बांधून लांबच उभा राहिला. म्हणाला, "गुरुजी, महिनाभर गोळी नाही घेतली तर चालंल का?"

आम्ही मॅट्रिक शिकलेले. आम्ही काय सांगणार? आम्ही म्हणालो, "बाबा, हे तू ठरवायचं नाही आणि आम्हीही नाही. ज्यांनी गोळी दिली त्यांना विचार."

त्याने फोन केला. डॉक्टर म्हणाले, "तपासणी महिनाभर पुढे ढकलू. पण गोळी एक दिवसही चुकवू नका." मग पोलिसांकडून परवाना काढला. त्याचा भाऊ मोटारसायकलवर जिल्ह्याच्या गावी गेला आणि गोळ्या घेऊन आला.

पाहा, एक गोष्ट पुढे ढकलता आली, दुसरी आली नाही. कोणती ढकलायची हे डॉक्टरच सांगू शकतात. हळू वाढणाऱ्या प्रकारात कधी कधी थोडे थांबता येते. पण काही प्रकार फार वेगाने वाढतात. त्यांत थोडे आठवडे गेले तरी जीव धोक्यात येतो.

आता हा आजार काय आहे ते समजून घेऊ. आपल्या हाडांच्या आत मऊ मगज असतो. तिथे रक्त तयार होते. रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या शरीराच्या राखणदार. रोगाचे जंतू आत शिरले की त्या त्यांच्याशी लढतात. रक्ताच्या कर्करोगात बिघडलेल्या पेशी वाढत जातात. शेतात राखणदार पुष्कळ, पण राखण कोणीच करीत नाही, अशी गत होते. उपचाराचे जोरदार औषध बिघडलेल्या पेशी मारते, पण त्याबरोबर काही चांगल्याही मरतात. म्हणून अशा रोग्याला साथीचा रोग लवकर गाठतो आणि जास्त छळतो.

म्हणून घरात असा रोगी असेल तर साथीच्या दिवसांत एवढे करावे :

१. औषध आपल्या मनाने बंद करू नये. गोळ्या संपायच्या आधीच पंधरा दिवस सोय लावावी.

२. दवाखान्यात जाण्याआधी फोन करून विचारावे. रोग्याबरोबर एकच माणूस जावे. दोघांनीही नाकातोंडावर मास्क लावावा.

३. घरच्या माणसांनी बाहेरून आल्यावर साबणाने हात धुवावे. घरात खोकला-पडसे झालेल्याने रोग्यापासून दूर राहावे. खिडक्या उघड्या ठेवून वारा खेळू द्यावा.

४. ताप मोजायची नळी घरी ठेवावी. ताप १००.४ अंश फॅरनहाईट किंवा त्याहून जास्त झाला, तर सकाळची वाट पाहू नये. ताप उतरायची गोळी देऊन घरी बसू नये. गोळीने अंग थंड झाले तरी आतले जंतू जात नाहीत. लगेच डॉक्टरांना फोन करून दवाखाना गाठावा. "याला कर्करोगाचे औषध चालू आहे" हे तिथे पहिल्याच वाक्यात सांगावे.

५. डॉक्टरांना विचारून लस घ्यावी. भारतात कोरोनाची लस १६ जानेवारी २०२१ पासून देऊ लागले. रक्ताच्या कर्करोगाच्या रोग्याला लसीचा गुण थोडा कमी येतो. म्हणून घरच्या बाकीच्यांनी तर ती जरूर घ्यावी. घरातले सगळे सांभाळले तर तोही सांभाळला जातो.

एक काम गावाचेही आहे. अशा रोग्यांना वरचेवर दुसऱ्याचे रक्त लागते. टाळेबंदीत रक्तदानाची शिबिरे बंद पडली आणि रक्ताची चणचण झाली. रक्त गोठवणारा जो भाग असतो, तो तर रक्तपेढीत सुमारे पाच दिवसच टिकतो. साठवून ठेवू म्हटले तरी ठेवता येत नाही. तेव्हा १८ ते ६५ वर्षांच्या धडधाकट माणसाने साथ असली तरी, सांभाळून, रक्त द्यायला जावे.

कोरोनाची ती मोठी साथ ओसरली. पण पुन्हा साथ येणारच नाही, असे कोणी सांगावे? पुढच्या दाराला चोर आला म्हणून मागचे दार उघडे टाकून चालत नाही. दोन्ही दारे राखावी लागतात.

आमचा तो विद्यार्थी आजही शेती करतो. गोळ्यांचा हिशेब तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठेवतो. रोज गोळी घेतली की त्या तारखेवर एक फुली मारतो. टाळेबंदीचे जुने कॅलेंडर त्याने जपून ठेवले आहे. त्यात एकही तारीख कोरी नाही.