पसंतीचा वाहन क्रमांक : हौस, मान आणि मर्यादा

पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि धनत्रयोदशी हे आपल्या व्यापारी घरांतील नव्या वाहनाचे मुहूर्त. पूर्वी गाडी आणि तिचा रंग ठरला की खरेदीचा विषय संपत असे. आता शोरूमची पावती हाती पडण्याआधीच घरात दुसरी चर्चा रंगते, ती क्रमांकाची. कोणाला जन्मतारीख हवी असते, कोणाला अंकांची बेरीज नऊ यायला हवी असते, तर कोणाला दुकानाच्या टेम्पोपासून घरच्या गाडीपर्यंत सगळीकडे एकच अंक हवा असतो. हौसेला मोल नसते हे खरे. पण या हौसेला शासनाने मोल लावले आहे आणि ते बरेच मोठे आहे. हे मोल नेमके कशाचे आणि घेतलेला क्रमांक पुढे कोणाकडे जातो, हे व्यापारी माणसाने पैसे मोजण्यापूर्वी समजून घ्यायला हवे.

क्रमांकाची टंचाई कशी निर्माण होते?

१९८८ च्या मोटार वाहन अधिनियमानंतर देशभर वाहन क्रमांकांची आजची पद्धत रूढ झाली. राज्याची अक्षरे, कार्यालयाचा अंक, मालिकेची अक्षरे आणि शेवटी चार आकडे अशी तिची रचना आहे. नाशिकचा अंक १५, मालेगावचा ४१, धुळ्याचा १८, जळगावचा १९. प्रत्येक मालिकेत ०००१ पासून ९९९९ पर्यंत क्रमांक असतात. ते संपले की पुढची मालिका उघडते आणि तिच्यात पुन्हा एक नवा ०००१ असतो.

ही गोष्ट साधी वाटते, परंतु ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जमीन किंवा सोने यांची टंचाई खरी असते. आकर्षक क्रमांकाची टंचाई मालिकेपुरती असते. आज ज्या एक क्रमांकासाठी शहरात चढाओढ लागते, तसाच दुसरा काही महिन्यांनी पुढच्या मालिकेत येणार असतो. म्हणून या खरेदीकडे गुंतवणूक म्हणून पाहू नये.

शुल्क आणि बंद लिफाफा

महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये पसंतीच्या क्रमांकांचे शुल्क वाढविले. चारचाकीसाठी ०००१ या क्रमांकाचे शुल्क ३ लाखांवरून ५ लाख रुपये झाले. मुंबई-पुण्यासारख्या अधिक मागणीच्या शहरांत ते ४ लाखांवरून ६ लाखांवर गेले. दुचाकीसाठी हाच क्रमांक ५० हजारांऐवजी १ लाखाला मिळू लागला. ०००९, ००९९, ०९९९, ९९९९ आणि ०७८६ या क्रमांकांना चारचाकीसाठी दीड लाखाऐवजी अडीच लाख रुपये, तर दुचाकीसाठी २० हजारांऐवजी ५० हजार रुपये मोजावे लागतात. चारचाकीच्या चालू मालिकेत हवा तो क्रमांक शिल्लक नसेल आणि तो दुचाकीच्या मालिकेतून घ्यायचा असेल, तर शुल्क तिप्पट होते. त्यामुळे मोठ्या शहरांत मालिकेबाहेरील ०००१ ची किंमत १८ लाखांपर्यंत जाते. एवढ्या रकमेत दुसरी चांगली गाडी येते!

ही झाली केवळ मूळ किंमत. एका क्रमांकासाठी एकच अर्ज आला तर तो याच शुल्कात मिळतो. एकाहून अधिक अर्ज आले की स्पर्धा सुरू होते. प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या प्रचलित पद्धतीनुसार इच्छुकांनी वाढीव रकमेचा डिमांड ड्राफ्ट बंद लिफाफ्यात द्यायचा, ठरलेल्या वेळी लिफाफे उघडायचे आणि ज्याची रक्कम सर्वाधिक त्याला क्रमांक द्यायचा. अर्ज ज्याच्या नावे वाहन नोंदवायचे त्याच नावाने असावा लागतो. गाडी पेढीच्या नावे आणि अर्ज मुलाच्या नावे, असा घोळ घालू नये. मुदतीत वाहन नोंदविले नाही तर क्रमांकही जातो आणि भरलेले शुल्कही परत मिळत नाही. अलीकडे पसंतीचे क्रमांक परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरूनही आरक्षित करता येतात. मात्र मोबाइलवर आलेल्या अनोळखी दुव्यावर पैसे भरू नयेत. शासनाचे संकेतस्थळ स्वतः उघडावे.

दोन प्रकारच्या बोली

बोली हा शब्द आपल्याला परका नाही. मूर्तिपूजक संघांत पर्युषणात चौदा स्वप्नांची बोली होते, प्रतिष्ठेच्या वेळी चढावे होतात, आरतीचा लाभ बोलीने घेतला जातो. तिथेही आकडा चढतो आणि तिथेही क्वचित चढाओढीचा सूर लागतो. फरक असा की ती बोली संघासमोर उघड होते, तिची रक्कम देवद्रव्यात किंवा संघाच्या कार्यात जाते आणि हरणाराही ‘अनुमोदना’ म्हणून हात जोडतो.

बंद लिफाफ्यात समोरचा माणूस दिसत नाही. त्याने किती लिहिले असेल या कल्पनेशीच आपण लढत असतो. हाती असलेला आकडा गरजेचा नसतो, तो दुसऱ्याहून एक रुपया तरी अधिक असावा एवढ्यासाठी वाढत जातो. आपल्या शास्त्राने याला ‘मान’ म्हटले आहे आणि क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांत त्याला क्रोधाच्या लगेच शेजारी बसविले आहे.

हा मान किती दूर नेतो, याचे उदाहरण नोव्हेंबर २०२५ मध्ये हरियाणात दिसले. तेथे ‘एचआर ८८ बी ८८८८’ या क्रमांकासाठी १ कोटी १७ लाख रुपयांची बोली लागली. देशभर चर्चा झाली, आणि नंतर बोली लावणाऱ्याने मुदतीत रक्कमच भरली नाही. याउलट एप्रिल २०२३ मध्ये दुबईत ‘पी ७’ हा क्रमांक साडेपाच कोटी दिरहमला गेला, तेव्हा ती रक्कम भुकेल्यांच्या अन्नासाठी उभारलेल्या निधीत जमा झाली. हौस मोठीच होती, पण तिला दानाची वाट मिळाली. आपल्याकडे ही रक्कम शासनाच्या तिजोरीत जाते. त्यात गैर काही नाही. परंतु तिला दान समजण्याचेही कारण नाही.

आपले मंगल अंक

अंकांविषयी आदर आपल्या परंपरेत मुरलेला आहे. नवकार महामंत्राची पदे नऊ आणि अक्षरे अडुसष्ट. तीर्थंकर चोवीस. श्वेतांबर परंपरेत अरिहंतांचे १२, सिद्धांचे ८, आचार्यांचे ३६, उपाध्यायांचे २५ आणि साधूंचे २७ असे पंचपरमेष्ठींचे १०८ गुण मोजले जातात. जपमाळेचे मणीही तितकेच. आपल्याच जिल्ह्यात मांगीतुंगीच्या डोंगरात कोरलेली भगवान ऋषभदेवांची मूर्ती १०८ फूट उंच आहे. २०१६ मध्ये तिची प्रतिष्ठा झाली.

तेव्हा आपल्या गाडीवर ०१०८ किंवा ००२४ असावे असे एखाद्या श्रावकाला वाटले, तर त्यात भाव असतो. पण माळेतील १०८ हा मोजून संपविण्याचा अंक नव्हे, पुन्हा पुन्हा स्मरण्याचा अंक आहे. गाडीवरचा अंक मागच्या गाडीला दिसतो. चालकाला तो दिसतही नाही. शिवाय पाच-सात वर्षांनी गाडी विकली की तोच मंगल अंक अनोळखी माणसाच्या हाती जातो. ती गाडी पुढे कशासाठी वापरली जाईल, हे आपल्या हाती राहत नाही.

क्रमांक नेमका कोणाचा?

इथेच अनेकांचा गैरसमज होतो. ‘आमचा नंबर’ असे आपण म्हणतो, पण नोंदणी क्रमांक वाहनाला दिलेला असतो. गाडी विकली की सर्वसाधारणपणे तो तिच्याबरोबर जातो. ब्रिटनमध्ये वेगळी व्यवस्था आहे. तेथील परिवहन खाते १९८९ पासून असे क्रमांक विकते. गाडी विकूनही क्रमांक प्रमाणपत्रावर राखून ठेवता येतो, दुसऱ्या गाडीला लावता येतो किंवा विकताही येतो. लेस्टर-लंडनच्या नातलगांकडून हे ऐकून इथेही तसेच असेल असे समजू नये.

महाराष्ट्रात २०२४ च्या सुधारणेने एक दार उघडले. पूर्वी पसंतीचा क्रमांक कुटुंबातही हस्तांतरित करता येत नसे; आता पती, पत्नी, मुलगा, मुलगी अशा निकटच्या कुटुंबीयांच्या नावे तो करता येतो. एकत्र कुटुंबांनी यातील शब्दांकडे लक्ष द्यावे. आपल्याकडे दुकान काका-पुतण्यांचे आणि गाड्या भावाभावांच्या असतात. कायद्याचे ‘निकटचे कुटुंब’ आणि आपल्या पेढीचे कुटुंब एकच असेल असे नाही. म्हणून ‘दादांच्या गाडीचा नंबर पुढे धाकट्याला देऊ’ असे घरात ठरविण्यापूर्वी कार्यालयात विचारून घ्यावे. वाटणीच्या वेळी दुकान आणि घर समजुतीने वाटणारे भाऊ एखाद्या नंबरवरून अबोला धरतात, तसे होऊ देऊ नये.

कागद वेळेवर बदला

क्रमांकावर जेवढे मन असते, त्याच्या निम्मे लक्ष कागदांवर दिले तरी पुष्कळ संकटे टळतील. ओळखीच्या माणसाला गाडी दिली, रोख घेतली, कागद नंतर बघू, असा व्यवहार आपल्याकडे विश्वासावर चालतो. कायदा मात्र नोंदीवर चालतो. वाहन विकल्यावर राज्यात १४ दिवसांच्या आत विकणाऱ्याने कार्यालयास कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आपली नोंद करून घ्यायची असते. त्यासाठी नमुना २९ व ३० हे अर्ज आहेत.

हे केले नाही तर काय होते, ते सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले. गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, पण नोंद पहिल्याच्याच नावे राहिली. अपघात झाला तेव्हा नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच आली. गाडी वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर नसली, तरी नाव आपले असेल तर दायित्वही आपलेच.

घरातील कर्त्याच्या निधनानंतरही हीच काळजी घ्यावी. वारसाने ३० दिवसांत कार्यालयास कळवावे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून वाहन आपल्या नावे करून घ्यावे. २०२१ पासून नोंदणी प्रमाणपत्रावर नामनिर्देशित व्यक्तीचे नाव लावण्याची सोय झाली आहे. ती अवश्य वापरावी. शोकाच्या दिवसांत कुटुंबाची धावपळ त्यामुळे कमी होते.

पट्टीवरची अक्षरे

८०५५ चे ‘बॉस’ आणि ४१४१ चे ‘दादा’ करून मिरविण्याचे दिवस आता सरले आहेत. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट बंधनकारक आहे आणि त्याआधीच्या वाहनांनाही ती बसवायची आहे. तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम व लेसरने कोरलेला दहा आकड्यांचा क्रमांक असतो. अक्षरांचे वळण ठरलेले असते. लाखो रुपयांच्या क्रमांकाची आणि सहज मिळालेल्या क्रमांकाची पट्टी दिसायला सारखीच.

आधी मर्यादा, मग अर्ज

हौस करूच नये, असे सांगण्याचा हेतू नाही. श्रावकाच्या पाचव्या व्रताचे नाव परिग्रह-परिमाण आहे. ते साधूंसारखा सर्वत्याग मागत नाही, माप ठरवायला सांगते. ते माप इच्छा उसळल्यावर ठरवून चालत नाही, आधी ठरवावे लागते. तोच नियम इथे लावता येईल. लिफाफा भरण्यापूर्वी घरातील सर्वांनी बसून कमाल आकडा कागदावर लिहावा आणि त्यावर एक रुपयाही जाऊ नये. रक्कम पेढीतून जाणार असेल तर तिची नोंद कशी करायची, हे आधीच आपल्या सीएंना विचारावे. ज्यांना शक्य आहे त्यांनी क्रमांकावर जेवढे खर्च करायचे, तेवढेच जीवदयेसाठी, पांजरपोळासाठी किंवा एखाद्या विद्यार्थ्याच्या फीसाठी बाजूला काढावेत. ही अट घातली की आकडा आपोआप ताळ्यावर येतो, असा अनुभव येईल.

आणि क्रमांक मिळाला नाही, तर मालिकेत येईल तो घ्यावा. गाडी तेवढीच चालते, विमा तेवढाच लागतो आणि मुलांना शाळेत सोडायला तेवढाच वेळ लागतो.